अपुऱ्याची वाटणी

जेथे विपुलता आहे तेथे न्यायाचा प्रश्न उद्भवत नाही. भरल्या नदीच्या काठी राहणाऱ्याने ओंजळभर पाणी अधिक घेतले म्हणून कोणी पंचायत बसवीत नाही; तेच पाणी पाटाने वाहू लागले आणि पाटाच्या शेवटी शेत असणाऱ्याच्या वाट्याला ओलही येईना, की मग हक्क, पाळी, वाटा, तक्रार हे सारे शब्द जन्माला येतात. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हाच विचार मांडला होता. सर्व वस्तू सर्वांना हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या, तर न्याय नावाच्या सद्‌गुणाची कोणास आठवणही झाली नसती, असा त्याचा आशय. अर्थात न्यायाचे खरे घर टंचाईत आहे. म्हणून एखाद्या समाजाची न्यायबुद्धी पारखावयाची असेल, तर तो आपल्या थोर वचनांचे पठण कसे करतो हे न पाहता, अपुरी वस्तू वाटावयाची वेळ आली असता तो प्रथम कोणाकडे पाहतो, हे पाहावे.

अशी एक अपुरी वस्तू अलीकडे आपल्या घराघरांत येऊन बसली आहे, आणि तिच्या वाटणीचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आपला समाज दूरवर विखुरलेला. देवस्थान गोव्यात, महाजन बेळगावात, कुळावी कोणी इंदुरास, कोणी बडोद्यास, तर कोणी समुद्रापार. पूर्वी वर्षाकाठी जत्रेच्या निमित्ताने होणाऱ्या भेटीगाठींना २०२० च्या टाळेबंदीने खंड पाडला, आणि तेव्हापासून सभा, प्रवचने, व्याख्यानमाला, इतकेच काय पण शोकसभासुद्धा पडद्यावर भरू लागल्या. त्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंग म्हणतात. या पडद्यावर कोणाचा चेहरा मोठा दिसावा, कोणाचा लहान, आणि कोणाचा मुळीच दिसू नये, हे कोण ठरविते? बहुतेक सभासदांची समजूत अशी की, ते आपोआप ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय हा ‘आपोआप’ नावाचा शब्द आहे. कारण वाटणीच्या व्यवहारात आपोआप असे काहीच घडत नसते, कोणीतरी कधीतरी तो नियम लिहिलेला असतो.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. तारेतून वा हवेतून एका सेकंदात जेवढी माहिती वाहून नेता येते, त्या मर्यादेस बँडविड्थ म्हणतात. आपण तिला वहनक्षमता म्हणू. दहा माणसांची सभा भरली आणि प्रत्येकाने आपले चित्र इतर प्रत्येकास स्वतः पाठवावयाचे ठरविले, तर प्रत्येकास नऊ प्रवाह पाठवावे लागतील आणि एकंदर प्रवाह नव्वद होतील. साध्या घरातील जोडणीस हे ओझे पेलत नाही. यावर जुना उपाय असा की, मध्ये एक बलाढ्य यंत्र ठेवावयाचे. त्याने सर्वांची चित्रे घेऊन, उलगडून, एकत्र जुळवून एकच चित्र सर्वांना पाठवावयाचे. हा उपाय खर्चिक. दुसरा उपाय टपालकचेरीसारखा. मधले यंत्र चित्रे जुळवीत नाही. प्रत्येकाकडून एक प्रवाह घेते आणि ज्याला जो द्यावयाचा तो पुढे धाडते. पाठविणाऱ्याचे ओझे नवावरून एकावर येते. परंतु घेणाऱ्याचे ओझे तसेच राहते; त्याच्याकडे नऊ प्रवाह यावयाचेच असतात. एका स्पष्ट चित्रास सेकंदाला सुमारे १५०० किलोबिट धरले, तर नऊ चित्रांस साडेतेरा हजार किलोबिट हवेत. आपल्या सरकारने २०२३ च्या जानेवारीत ‘ब्रॉडबँड’ या संज्ञेची किमान मर्यादा ५१२ किलोबिटांवरून वाढवून दोन मेगाबिट, म्हणजे सुमारे दोन हजार किलोबिट केली. हवे साडेतेरा हजार. कायद्याने आश्वासिलेले किमान दोन हजार. टंचाई आली, आणि तिच्यामागोमाग न्यायाचा प्रश्नही आला.

या प्रश्नाचे एक उत्तर सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले आहे. जित्सी नावाची एक मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे. फ्रान्समधील स्ट्रासबूर विद्यापीठात शिकणाऱ्या एमिल इव्होव्ह याने २००३ साली तिचा आरंभ केला. तिचे नाव ‘तारा’ या अर्थाच्या बल्गेरियन शब्दावरून आलेले आहे. पुढे तिची मालकी एका कंपनीकडून दुसरीकडे गेली, तरी तिची मूळ संहिता, म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांचा मजकूर, कोणासही पाहता, बदलता आणि वापरता येईल अशा परवान्याखाली खुला राहिला. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ साली सुरू झालेली बिगब्ल्यूबटन ही अध्यापनासाठीची प्रणालीही अशीच खुली आहे. जित्सीचे मधले यंत्र वर सांगितलेल्या टपालकचेरीच्या पद्धतीने चालते. प्रत्येक सभासदाचा संगणक आपल्या चित्राच्या साधारणतः तीन प्रती पाठवितो: लहान, मध्यम आणि मोठी. नमुन्याच्या मांडणीत त्यांचे प्रमाण सुमारे २००, ५०० आणि १५०० किलोबिट असे धरलेले आढळते. मधले यंत्र प्रत्येक घेणाऱ्याच्या जोडणीचा अंदाज घेते, आणि त्या अंदाजात बसेल अशा रीतीने कोणाची कोणती प्रत धाडावयाची हे ठरविते. काही केल्या बसत नसेल, तर काहींचे चित्र थांबविते. प्रथम ज्याचे चित्र पडद्याच्या मध्यभागी आहे त्याचा विचार, मग ज्यांनी नुकतेच भाषण केले त्यांचा, आणि उरले तर उरलेल्यांचा.

येथे कोणी म्हणेल, ‘ही तर कारागिरी झाली, हिच्यात नीतीचा प्रश्न तो कसला?’ हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पाऊस एका शेतावर पडला आणि दुसऱ्यावर पडला नाही, तर त्यास आपण दुर्दैव म्हणतो, अन्याय म्हणत नाही. परंतु पाटकऱ्याने एका शेताची मोरी उघडली आणि दुसऱ्याची बंद ठेवली, तर ते दुर्दैव नव्हे. खानदेशात पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी वाटणारा पाटकरी शेतकऱ्यांनी नेमलेला असतो, आणि त्याने कोणाला किती पाणी दिले याचा जाब त्यास विचारता येतो. यंत्रातील नियम हा पाटकरीच होय. त्याला स्वतःची बुद्धी नाही हे खरे. पण त्याची बुद्धी कोणीतरी आगाऊ लिहून ठेवलेली आहे. जे आगाऊ ठरविले जाते ते निर्णय या संज्ञेतून सुटत नाही. उलट ते एका प्रसंगापुरते नसून हजारो प्रसंगांना लागू होत असल्याने, त्याचे नैतिक वजन अधिकच मानले पाहिजे.

मग वाटणीचा न्याय्य नियम कोणता? सर्वांत प्रथम सुचणारे उत्तर म्हणजे समान वाटा. आम्हा वकिलांना हे उत्तर विशेष प्रिय. वडिलोपार्जित मिळकतीचे भावाभावांत समान हिस्से पाडताना न्यायालयाला फारसा विचार करावा लागत नाही. पण मिळकत आणि प्रवाह यांत एक मूलभूत भेद आहे. मिळकतीतील न वापरलेला हिस्सा तसाच राहतो. प्रवाहातील न वापरलेला क्षण कायमचा जातो. एका भावाने आपल्या वाट्याच्या खोलीस कुलूप लावले तरी खोली उरते. सेकंदभरात ज्या वहनक्षमतेचा कोणी उपयोग केला नाही ती पुढल्या सेकंदासाठी शिल्लक पडत नाही. यास्तव ज्याला दोन वाट्यांची गरज त्याच्यासाठी चार राखून ठेवणे, म्हणजे समतेच्या नावाखाली केलेली नासाडी होय.

संगणकशास्त्रज्ञांनी यावर एक सुंदर तोड काढली आहे, आणि ती आपल्या पंगतीत बसलेल्या कोणासही सहज कळेल. समजा, बारा भाग वाटावयाचे आहेत आणि तिघांची गरज अनुक्रमे दोन, चार आणि दहा भागांची आहे. प्रथम सर्वांना सारखे चार धरा. पहिल्याला दोनच हवेत. तो तृप्त होऊन उठला. त्याचे उरलेले दोन पंगतीत परत आले. दुसऱ्याची भूक चारांत भागली. उरलेले सहा तिसऱ्यास मिळाले. त्याला दहा हवे होते, हे खरे. पण ज्याची भूक लहान त्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यावाचून त्याला याहून अधिक देता आले नसते. ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी येते त्याचा वाटा शक्य तितका वाढवावयाचा, आणि मगच इतरांचा विचार करावयाचा, असे या नियमाचे सार आहे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली विषमतेची जी कसोटी सांगितली, तीही याच दिशेची: ज्या विषमतेने सर्वांत खालच्या माणसाचे भले होते तीच समर्थनीय. आपले वाढपी तर हे शास्त्र न वाचताच जाणतात. महाप्रसादाच्या पंगतीत पहिला फेरा सर्वांच्या पानावर पोचेपर्यंत कोणी कोणास आग्रह करीत नाही. आग्रह ही दुसऱ्या फेऱ्याची गोष्ट आहे.

परंतु पंगतीचा न्याय सभेला जसाच्या तसा लावता येईल काय? पुन्हा आकड्यांकडे वळू. माझ्या जोडणीत दोन हजार किलोबिट मावतात, आणि मला नऊ चेहरे पाहावयाचे आहेत. आवाजाचा खर्च क्षणभर बाजूला ठेवू. पहिली व्यवस्था: नऊही जणांची लहान प्रत घ्यावी. नऊ गुणिले दोनशे, म्हणजे अठराशे. सर्व दिसले, पण सर्व अंधूक; वक्त्याने हातात धरलेला कागदही वाचता येईना. दुसरी व्यवस्था: वक्त्याची मोठी प्रत घ्यावी. पंधराशे संपले, उरलेल्या पाचशेत दोन लहान चेहरे बसले, सहा जण अदृश्य झाले. तिसरी व्यवस्था: वक्त्याची मध्यम प्रत पाचशेची, आणि उरलेल्या पंधराशेत सात लहान चेहरे. आता एकच जण बाहेर राहिला. वाचकहो, या तिन्हींपैकी न्याय्य कोणती? आणि तिसरी घेतली, तर तो एक जण कोण असावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ॲरिस्टॉटलच्या एका जुन्या दृष्टान्तात आहे. उत्तम बासऱ्या कोणाला द्याव्यात? कुलवंताला नव्हे, रूपवंताला नव्हे, तर उत्तम वाजविणाऱ्याला. कारण बासरी वाजविण्यासाठी असते. तात्पर्य, वाटणीचा नियम वस्तूच्या प्रयोजनावरून ठरतो. कीर्तनात कीर्तनकार स्पष्ट दिसावा आणि श्रोते अंधूक दिसले तरी चालावे, यात श्रोत्यांचा अपमान नाही. ते त्यासाठीच आलेले असतात. परंतु महाजनांच्या सभेत, जेथे प्रत्येकाच्या मतास सारखे वजन आहे, तेथे बोलणाऱ्या एकाचे भव्य चित्र दाखवून सहा मतदारांना काळोखात ठेवणे म्हणजे सभेचे रूपांतर व्याख्यानात करणे होय. शोकसभेची गोष्ट याहून निराळी. तेथे कोण काय बोलले याला महत्त्व थोडे. कोण आले होते, हेच महत्त्वाचे. तेथे वक्ता अंधूक दिसला तरी बिघडत नाही, पण आलेला प्रत्येक चेहरा दिसला पाहिजे. एकच यंत्र, एकच वहनक्षमता, आणि तीन प्रसंगी तीन निराळे न्याय. जो नियम प्रसंग ओळखीत नाही तो निःपक्षपाती असेल. न्याय्य असेलच असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण: कोण दिसावे हे कशावरून ठरवावे? जित्सीचे यंत्र ते प्रामुख्याने आवाजावरून ठरविते. इलाना वोल्फिन आणि इस्राएल कोहेन या इस्रायली संशोधकांनी प्रमुख वक्ता ओळखण्याची जी रीत सुचविली, तिचा ते अवलंब करते. ही रीत चतुर आहे. ती आवाजाची पातळी क्षणभराच्या, त्याहून थोड्या लांब आणि त्याहूनही लांब अशा तीन कालखंडांत तोलते. त्यामुळे कोणी खोकला किंवा दार आपटले म्हणून लगेच पडदा त्याच्याकडे वळत नाही. जो खरोखर काही वेळ बोलतो त्यालाच मान मिळतो. मग जे बोलून गेले त्यांची क्रमवारी राहते, आणि जागा कमी पडली की त्या क्रमाच्या शेवटी असणारे प्रथम दिसेनासे होतात. म्हणजे जो बोललाच नाही तो.

हा नियम व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचा आहे, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम पाहा. सभेत गप्प बसणारे कोण असतात? ज्यांना काही सांगावयाचे नाही ते तर असतातच. परंतु ज्यांना बोलण्याची सवय नाही, ज्यांना वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडू नये असे शिकविलेले आहे, ज्यांची मराठी दोन पिढ्यांच्या परमुलुखी वास्तव्याने अडखळती झाली आहे, तेही असतात. सभागृहात अशा माणसाची चुळबुळ अध्यक्षाच्या नजरेस पडते आणि तो म्हणतो, ‘अहो, आपणांस काही म्हणावयाचे आहे का?’ पडद्यावर तो गप्प असतो म्हणून दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्याला कोणी विचारीत नाही. कोणी विचारीत नाही म्हणून तो गप्प राहतो. यंत्राने त्याच्याविरुद्ध काहीही केले नाही. सभेत जी विषमता होती तिलाच त्याने इमानाने दुजोरा दिला. बहिऱ्या माणसाची अडचण तर याहून तीव्र. जो हातांच्या खुणांनी बोलतो तो कितीही बोलला तरी आवाजाच्या तराजूत त्याचे वजन शून्यच. आमच्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात प्रत्येकासाठी योग्य ती सोय करून देण्याचे तत्त्व मान्य केलेले आहे. सर्वांना एकच नियम लावला म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही समजूत त्या तत्त्वाने कायद्यातूनच बाद केली आहे. जित्सीत कोणाही सभासदास एखादा चेहरा आपल्या पडद्यावर खिळवून ठेवता येतो. सोय आहे, पण ती वापरण्यासाठी आपल्या सभेत असा माणूस आहे, याची कोणास तरी आठवण व्हावी लागते. ती आठवण यंत्रात घालता येत नाही.

असे असले तरी आवाजाला अग्रक्रम देण्यामागे एक खोल न्यायही दडलेला आहे, आणि तो नाकारणे बरोबर होणार नाही. २०१२ साली प्रमाणभूत झालेल्या ओपस या पद्धतीने माणसाचे बोलणे सेकंदाला सुमारे ३२ किलोबिटांत स्वच्छ पोचविता येते. म्हणजे एका मोठ्या चित्राच्या खर्चात चाळीसांहून अधिक माणसांचे आवाज मावतात. जोडणी खालावली की ही प्रणाली प्रथम चित्रे लहान करते, मग थांबविते, आणि आवाज मात्र शक्य तोवर जपते. आमच्या व्यवसायात न्यायालयीन कामकाजास ‘सुनावणी’ हा शब्द आहे. तो दर्शनावरून आलेला नाही, ऐकण्यावरून आला आहे. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र. दुसऱ्या बाजूचे रूप पाहावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. २००३ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका फौजदारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७३ व्या कलमात सांगितलेली आरोपीची उपस्थिती केवळ देहानेच असली पाहिजे असे नाही; दृक्‌श्राव्य साधनाने नोंदविलेली साक्षही ग्राह्य होय. पुढे ६ एप्रिल २०२० रोजी त्याच न्यायालयाने साथीच्या काळातील कामकाजाविषयी आदेश देताना, ज्या पक्षकारांपाशी हे साधन नाही त्यांच्यासाठी न्यायालयांनी ते उपलब्ध करून द्यावे असेही बजावले. या शेवटच्या वाक्याचे मोल मला फार वाटते. किमान वाटा हा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडावयाचा नसतो. तो पुरविण्याची जबाबदारी सभा बोलाविणाऱ्यावर येते.

आता खर्चाचा विचार करू, कारण औदार्य दुसऱ्याच्या खिशातून करणे हा आपल्या सार्वजनिक जीवनातील जुना दोष आहे. मी माझे मोठे, झळझळीत चित्र तासभर पाठविले, तर ते पाहणाऱ्या प्रत्येकाच्या जोडणीतून सुमारे ६७५ मेगाबाइट माहिती वाहते. पाहणारे वीस असतील तर साडेतेरा गिगाबाइट. माझ्या लहान चित्रास तासाला नव्वद मेगाबाइट पुरतात, आणि नुसत्या आवाजास पंधराहून कमी. म्हणजे माझ्या दिसण्याची किंमत मी एकदा देतो, आणि सभेतील इतर ती वीसदा देतात. त्यांत कोणी विद्यार्थी दिवसाच्या ठराविक मापाचा मोबाईल डेटा वापरणारा असेल, तर माझ्या हौसेने त्याचा दिवस संपू शकतो. येथे मुक्तस्रोत प्रणालीने घातलेला एक पायंडा मला नीतीच्या दृष्टीने उत्तम वाटतो. किती मोठे चित्र हवे हे सांगण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे ठेवलेला आहे. आणि ज्या आकाराचे चित्र सभेतील कोणीच पाहत नाही, तो आकार पाठविणाऱ्याने तयारच करू नये, अशी सूचना मधले यंत्र त्यास देते. जे कोणी मागितले नाही ते निर्माण करू नये, आणि निर्माण करून दुसऱ्याच्या दारात टाकू नये! ही मर्यादा आपल्या सत्कारसमारंभांतून कोणी लागू केली, तर अनेकांचे आयुष्य वाढेल.

परंतु घेणाऱ्याचा हक्क मानला तरी एक वस्तू उरते. ती म्हणजे सर्वांचा मिळून असलेला रस्ता. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बर्कले येथे एक प्रसंग घडला. तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्डांचे. त्यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर घसरला. कोणी तार तोडली नव्हती. रस्ता दाटला, पॅकेटे हरवली, आणि प्रत्येक यंत्राने हरवलेले पॅकेट पुनःपुन्हा पाठवून दाटीत भर घातली. प्रत्येकजण आपले कर्तव्य चोख बजावीत होता, आणि म्हणूनच कोणाचेही काम होत नव्हते. व्हॅन जेकबसन याने १९८८ साली यावरचा उपाय प्रसिद्ध केला. त्याचे मर्म असे: रस्ता दाटला आहे अशी खूण दिसताच पाठविणाऱ्याने आपण होऊन आपला वेग एकदम उतरवावा, आणि पुढे मोकळीक मिळेल तसतसा हळूहळू वाढवावा. माघार झटकन, चढाई सावकाश. यात कोणी शिपाई नाही, दंड नाही. आजच्या दृक्‌श्राव्य प्रणालीही तेच व्रत पाळतात; पॅकेटांना होणारा उशीर वाढू लागला की त्या आपले चित्र आपणच लहान करतात. ज्यांना वाटते की दंडावाचून धर्म टिकत नाही, त्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. मात्र त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी: असा संयम सर्वांनी पाळला तरच टिकतो, आणि जो पाळीत नाही त्याला पाळणाऱ्यांचा वाटा आयता मिळतो.

शेवटचा मुद्दा नियमाच्या प्रकटतेचा. लॉन फुलर या अमेरिकन विधिशास्त्रज्ञाने १९६४ साली रेक्स नावाच्या एका कल्पित राजाची गोष्ट सांगितली. या राजाने कायदा करण्यात आठ तऱ्हांनी अपयश मिळविले, आणि त्यांपैकी एक तऱ्हा म्हणजे कायदा करून तो गुप्त ठेवणे. गुप्त कायदा चांगला असला तरी तो कायदा नव्हे. कारण ज्याला तो पाळावयाचा आहे, किंवा ज्याच्यावर तो चालावयाचा आहे, त्याला त्याविरुद्ध तक्रार करण्यासही जागा उरत नाही. बंद प्रणालींत कोणाचे चित्र का थांबले हे तिच्या मालकालाच ठाऊक. मुक्तस्रोत प्रणालीत नियम चव्हाट्यावर लिहिलेला आहे. किती चेहरे एकाच वेळी दाखवावयाचे, हा आकडासुद्धा मांडणीच्या एका ओळीत असतो आणि ती चालविणाऱ्या संस्थेला तो बदलता येतो. तथापि प्रकटता म्हणजे सुबोधता नव्हे. संस्कृतात कोरलेला शिलालेख चौकात उभा केला म्हणून तो गावाला कळला असे होत नाही. संहिता वाचू शकणारे थोडे, आणि ती वाचण्याची तसदी घेणारे त्याहून थोडे. म्हणून खुलेपणा हा न्याय नव्हे. न्याय मागता यावा यासाठी लागणारी ती पहिली अट आहे, इतकेच.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? माझ्या मते वाटणीचा क्रम असा असावा. प्रथम प्रत्येकाचा आवाज, आणि ज्याचा आवाज हातांत आहे त्याचे हात. यांत तडजोड नाही. त्यानंतर जे उरेल त्याची वाटणी सभेच्या प्रयोजनाप्रमाणे: प्रवचनात प्रवचनकाराला, मतदानाच्या सभेत सर्वांना सारखी, शोकसभेत येणाऱ्या प्रत्येकाला. हुद्दा, देणगी आणि घसा यांना या वाटणीत स्थान नसावे. आणि सभा बोलाविणाऱ्यांपैकी एकाकडे हे पाहण्याचे काम नाव घेऊन सोपविलेले असावे. त्याने अधूनमधून विचारावे की, जे दिसत नाहीत त्यांना काही सांगावयाचे आहे काय. पंगतीला वाढपी लागतो, आणि त्याला कोठीपेक्षा पानांची काळजी अधिक असावी लागते.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, असे आम्ही न्यायालयात नित्य म्हणतो. या वचनाच्या पाठीशी एक गृहीत आहे: कायदा प्रसिद्ध झालेला असतो, आणि ज्याला तो जाणावयाचा आहे त्याला जाणता येतो. बंद यंत्र वापरणारा निदान असे म्हणू शकतो की, मला नियम दाखविलाच नव्हता. ज्या संस्थेने खुले यंत्र आणून बसविले, तिच्यापुढे नियम उलगडून ठेवलेला आहे आणि तो बदलण्याची किल्लीही तिच्याच हाती आहे. तिच्या सभेत एखादी वृद्ध कुळावीण दोन तास न दिसता बसून राहिली, तर ‘ते आपोआप झाले’ असे म्हणण्याचा अधिकार त्या संस्थेला उरत नाही.